नेने काकांची न दिलेली गोळी

आमच्या गल्लीत नेने काकांनी कोणालाही कधी औषध दिलं नाही. यात नवल ते काय, असं कोणी म्हणेल. पण काका हौशी होमिओपॅथ होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी जाडजूड पुस्तकं आणली, बाटल्यांनी भरलेली लाकडी पेटी आणली आणि कर्वेनगरातल्या आमच्या बैठ्या घरांच्या रांगेत फुकट दवाखाना उघडला. कोणी गेलं की काका तासभर विचारायचे. झोप कशी लागते, तहान किती, अंधाराची भीती वाटते का, घरात कोणाशी पटत नाही. मग पेटी उघडायची, बाटल्यांवरून बोट फिरवायचं आणि पेटी पुन्हा मिटायची. "घाई कसली? लक्षण पूर्ण उमटू दे. पाहू उद्या."

उद्यापर्यंत दुखणं बहुधा गेलेलं असायचं. माझ्या सासूबाई गुडघे दाखवायला गेल्या, दोन तास नणंदेबद्दल बोलल्या आणि येताना मंडईतून भाजी घेऊन आल्या. "न देता उतरलं की नाही?" काका आम्हाला ऐकवायचे. आता काका नाहीत. पण ती विजयी मुद्रा अजून डोळ्यांसमोर आहे.

आमच्या मागच्या अंगणात तेव्हा एक कोंबडी होती. माझ्या मुलीने, मुक्ताने, सायकलवरून पिल्लं विकणाऱ्याकडून गुलाबी रंगात बुडवलेलं पिल्लू हट्टाने घेतलं होतं. रंग महिन्यात उडाला, नाव मात्र गुलाबीच राहिलं. मी आणि नवरा दोघेही हिंजवडीच्या कंपन्यांत, त्यामुळे दिवसभर तिच्याकडे लक्ष काकांचंच. ते अंड्याला शिवत नसत, आमच्याकडे ऑम्लेट झालं की खिडकी धाडकन लावून घेत. पण गुलाबीला रोज मूठभर ज्वारी ठरलेली.

एका सकाळी गुलाबी पिसं फुगवून कोपऱ्यात बसली. दाण्याकडे बघेना. तुरा फिका पडलेला. नवऱ्याने इंटरनेटवर इतके रोग शोधले की कोंबडी जिवंत कशी याचंच आश्चर्य वाटावं, आणि लगेच अँटिबायोटिक आणायला निघाला. काकांनी त्याला थांबवलं. स्टूल मांडून ते गुलाबीसमोर बसले. पेशंटला ते नेहमी 'आपण' म्हणत.

"आपल्याला तहान कशी आहे?"

गुलाबीने एक डोळा उघडला आणि मिटला.

"शिणलीय नुसती. उगाच औषधांचा मारा नको. पाहू उद्या."

दुसऱ्या दिवशी तिने पाणीही सोडलं. "आजोबा, द्या ना एक गोळी!" मुक्ता रडकुंडीला आली. काकांनी पेटी उघडली. बोट फिरवलं, या खेपेला बराच वेळ फिरवलं. "पाहू," एवढंच म्हणून ते घरी गेले.

तिसऱ्या सकाळी गुलाबीची मान एका बाजूला कलली, श्वास तेवढा चालू होता. मी घाबरून काकांना हाक मारायला गेले, तर ते चपला घालून फाटकात उभे होते.

"गाडी काढ. खऱ्या डॉक्टरकडे जाऊ."

वारज्याच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत गुलाबी काकांच्या मांडीवर, त्यांच्याच शालीत होती. वाटेत तिने शाल घाण केली. काकांनी तिकडे पाहिलंही नाही. डॉक्टर तरुण होता. इंजेक्शन देता देता त्याने विचारलं, "आधी काही दिलंय?"

"छे! मी देतच नाही कोणाला काही."

"निदान काल तरी आणायला हवी होती, आजोबा."

एरवी कोणाचं एक वाक्य खाली पडू न देणारे काका गुलाबीभोवतीची शाल सारखी करत राहिले. मला फार वाईट वाटलं त्यांचं.

मग सकाळ-संध्याकाळ औषधाचे थेंब पाजायला काका स्वतः येऊ लागले. एका हाताने चोच धरायची आणि विनवायचं, "आ करा. अहो, आ करा!" कुंपणापलीकडून कोणीतरी खोचकपणे विचारलं, "काय नेने, शेवटी ॲलोपथी?"

"पेशंटची निवड," काका म्हणाले.

आणि एका सकाळी गुलाबीने थेंब नाकारून काकांच्या बोटालाच चोच मारली, मग ज्वारीवर तुटून पडली. काका रक्ताळलेलं बोट धरून हसत होते, डोळे भरलेले होते. मुक्ताने विचारलं, "आजोबा, तुमची गोळी का नाही दिली?"

काकांनी आधी कुंपणापाशी कोणी नाही ना ते पाहिलं.

"माणूस बोलतो, मी ऐकतो, त्याला बरं वाटतं. ही बोलेचना. हिचं आपल्याला काही कळत नाहीये, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, बाळा. ते म्हणायला तिसरा दिवस उजाडला."