हंसाबेनची जीवदया

सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून तुमच्याशीच बोलते.

उधन्यात आमच्या शेजारी हंसाबेन राहतात. सात वर्षांची मैत्री. "आमच्यात जीवहत्या पाप," असं त्या म्हणाल्या, तेव्हापासून मी घरात मटण शिजवणं बंद केलं. नवरा कुरकुरला, तरी त्यांचं मन राखलं.

आज जिन्याखाली व्यालेली काळी कुत्री दिसेना. चार पिल्लं नुसती केकाटत होती. वॉचमन म्हणाला, "हंसाबेनने टेम्पो बुलाया था. शहर के बाहर, हजीरा की तरफ छोड़ दिया."

मी त्यांना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "शाम को बेटी को देखने मेहमान आ रहे हैं. और मैंने मारा थोड़ी है? आप लोग तो बकरा खाते हो, आप मुझे सिखाओगी?"

मी तशीच माघारी फिरले. घरी नाही, तरी बाहेर खाते ना मी.

दुपारी नवऱ्याच्या गाडीवर हजीरा रोड दोन तास पालथा घातला. काळी सापडली नाही. आता पिल्लांना कापसाच्या बोळ्याने दूध पाजतेय. एक पीतच नाहीये.

बकरा खाणाऱ्या बाईला हंसाबेनना जाब विचारायचा हक्क नाही का? खरं सांगा, तुम्ही काय उत्तर दिलं असतं?