अध्यक्षांच्या सहीनं ‘अध्यक्ष हटाव’

आमच्या मंडळाचे किस्से म्हणजे माझ्या गोडाऊनमधल्या वायरी. एक ओढायला जावं, तर सात गुंतून बाहेर येतात! मी माइकवाला. हैदराबादेत, आमच्या चिक्कडपल्लीत मराठी माणसाचं लग्न असू दे, हळदीकुंकू असू दे, नाहीतर शोकसभा, भोंगा माझाच. शाळेचं अन् माझं काही जमलं नाही. पण चाळीस वर्षं भोंग्यामागं बसून भाषणं ऐकली. माणूस खोटं बोलायला लागला की आवाज चढतो, एवढं शिक्षण मला पुरलं.

तर आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष दिगंबरराव. बावीस वर्षं अध्यक्ष! निवडणुकीचं विचारलं की म्हणणार, “घेऊ की, गडबड काय आहे?” माणूस वाईट नाही बरं का. कुणाच्या घरी मयत झाली की पहिला दारात हजर. पण खुर्चीचा विषय निघाला की त्यांना खोकला यायचा. घरी काकूसुद्धा त्यांना अध्यक्षच म्हणतात. “अध्यक्ष, तीन शिट्ट्या झाल्या, कुकर बंद करा!”

उपाध्यक्ष गायकवाड मॅडम. मूळच्या नांदेडकडच्या, बँकेतून रिटायर झालेल्या. नऊ वर्षं उपाध्यक्ष. आमच्याकडं उपाध्यक्षाला काम एकच, शेवटी आभार मानायचे. मॅडम दरवर्षी अर्ज करायच्या, चौदा एप्रिलच्या जयंतीला मंडळाचा हॉल द्या. अध्यक्ष दरवर्षी गोड हसायचे. “हॉल आपलाच आहे हो मॅडम! पण नेमकं रंगकाम काढलंय.”

नऊ वर्षं रंगकाम! तेवढ्या रंगात चारमिनार आतून-बाहेरून झाला असता.

यंदा मॅडमनी अर्ज केलाच नाही. मला म्हणल्या, “मामा, आता कागद बास. आता हे खुर्चीवरून उतरल्याशिवाय हॉल उघडत नाही.”

म्हणलं, “हौ मॅडम. भोंगा माझ्याकडून.”

*

मोर्चा काढायचा तर पोलिसाची परवानगी पाहिजे. मॅडम, मी आणि आमचा सुनील असे तिघं गेलो. सुनील म्हणजे कॉम्प्युटर कंपनीतला, एक्केचाळीस वर्षांचा, बिनलग्नाचा. आमच्या चळवळीतला सगळ्यात तरुण तोच.

साहेबांनी अर्ज बघितलाच नाही. “ऐसा नक्को. असोसिएशन के लेटरहेड पे लाओ. नीचे प्रेसिडेंट का साइन होना.”

सुनील म्हणला, “सर, मोर्चा प्रेसिडेंट के खिलाफच है.”

“तो क्या हुआ मियाँ? साइन तो साइन है!”

काय करता? गेलो अध्यक्षांच्या घरी. अध्यक्षांनी चष्मा लावला, अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला.

“इथं ‘हुकूमशहा’ लिहिलंय.”

“हो,” मॅडम म्हणल्या.

“त्याच्या आधी ‘माननीय’ राहिलंय.”

घातलं माननीय. मंग म्हणले, “वेळ सकाळी अकरा? उन्हात म्हातारी माणसं पडतील. चार करा.” केले चार. अध्यक्षांनी सही ठोकली, शिक्का मारला, काकूंनी चहा दिला. आम्ही जिन्यात पोचलो तर वरून आवाज आला, “सतरंज्या हॉलमधल्याच न्या! भाड्यानं आणू नका!”

*

मोर्चा नारायणगुड्यावरून निघाला. आता मराठी माणसाला मोर्चा म्हणलं तरी नटल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही. बायका नऊवारीत, नाकात नथ. पुरुषांना फेटे. पुढं ढोल-ताशा. घोषणा सगळ्या मराठीत, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला ओ की ठो कळंना.

एक ऑटोवाला थांबला. मला विचारतो, “चचा, दूल्हा किधर है?”

आता सांगा, अशा वेळेला माझ्यासारख्या माणसानं काय करावं? मी सुनीलकडं बोट केलं. “ये क्या, झंडा पकड के जा रहा!”

ऑटोवाल्यानं उतरून सुनीलला मिठी मारली. ते बघून वरच्या गॅलरीतल्या तेलुगू आजीबाई आत गेल्या, मूठभर पिवळ्या अक्षता आणल्या आणि सोडल्या त्याच्या डोक्यावर! सुनील ओरडतोय, “अहो, मोर्चा आहे! मोर्चा!” ढोलात ऐकतंय कोण?

मागं त्याची आई चालत होती. पदरानं डोळे पुसत म्हणली, “असू दे रे. कशाच्या का निमित्तानं होईना, अक्षता तर पडल्या!”

*

मंग हॉलच्या गेटवर धरणं बसलं. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनीपण आत हॉलमध्ये सभा लावली. माणसं सात. त्यातला एक मेहुणा, एक वॉचमन.

आतला माइक माझा. बाहेरचा माइक पण माझाच. धंद्यात भेदभाव करू नये!

दोन्हींचे अॅम्प्लिफायर माझ्यापाशी शेजारी-शेजारी होते. माझ्या हाताला जरा खाज सुटली. वायरी केल्या इकडच्या तिकडं.

बाहेर मॅडम बोलल्या, “हा हॉल कुणाच्या बापाचा नाही!” ते घुमलं आत. आतल्या सात जणांना सवयच अशी, की हॉलमध्ये आवाज घुमला की टाळ्या. कडकडून टाळ्या!

आणि बाहेरच्या भोंग्यातून अध्यक्षांचा आवाज, “बंधू-भगिनींनो, मला खुर्चीचा मोह नाही!”

धरण्यातली अख्खी सतरंजी उठून उभी राहिली. “वन्स मोअर!”

अध्यक्ष तणतणत आले. “मामा, माझा आवाज बाहेर कसा जातोय?”

मी म्हणलं, “साहेब, तुम्हीच म्हणत असता ना, आपला आवाज जनतेपर्यंत पोचला पाहिजे!”

*

तिसऱ्या दिवशी बघतो तर काकू सतरंजीवर! पहिल्या रांगेत, मॅडमच्या शेजारी.

“काकू, तुम्ही इकडं कशा?”

“मंग काय करू? सगळ्या बायका इथं. घरी एकटी भिंतीशी बोलू?”

घोषणेला सगळ्यात मोठा आवाज काकूंचा. “अध्यक्ष, खुर्ची सोडा! सोडा, सोडा, खुर्ची सोडा!” मधेच फोन वाजला. काकूंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“हां अध्यक्ष, बोला. नाही, इथंच आहे गेटवर. येताना सुलतान बाजारातून ब्लाऊजला अस्तर आणा. मरून. मागच्यासारखं लाल आणलं तर परत पाठवीन.”

फोन ठेवला. “हां, कुठं होतो आपण? सोडा, सोडा!”

*

मंग उपोषण. मॅडमनी जाहीर केलं, गुरुवारी सगळे उपाशी बसणार. सुनीलनं फोटोबिटो काढले, पेपरात द्यायला.

दहा वाजता अध्यक्ष आले आणि आमच्याच सतरंजीवर मांडी घालून बसले. म्हणले, “माझा गुरुवार असतो. पाणीसुद्धा नाही. एकटा आत बसून काय करू?”

बारा वाजता धरण्यातल्या साने वहिनींना चक्कर आली. एक वाजता सुनीलची ऑफिसची मीटिंग निघाली, आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्याला मीटिंगमध्ये इडली खाताना मी बघितलं. मीपण मीटिंगलाच गेलतो. तीन वाजता सतरंजीवर दोघंच उरली. मॅडम आणि अध्यक्ष. ओठ वाळलेले, पण कुणी हलंना.

साडेचारला अध्यक्ष हळूच म्हणले, “मॅडम, तुम्ही काहीतरी खा. तुम्हाला शुगर आहे.”

मॅडम म्हणल्या, “तुम्ही खुर्ची सोडा, मी लगेच खाते.”

“खुर्ची कुठं आहे? मी तर खाली बसलोय!”

मॅडमना हसू आलं. पण उठल्या नाहीत. सूर्य बुडाला तेव्हा अध्यक्षांनी काकूंकडून दोन ग्लास ताक मागवलं. एक मॅडमच्या पुढं ठेवलं आणि म्हणले, “रविवारी जनरल बॉडी बोलावतो. राजीनामा देतो.”

मॅडमनी विचारलं, “लेखी?”

“लेखी.”

तेव्हा कुठं दोघांनी ताक उचललं.

*

रविवारी हॉल गच्च. दारात चपलांचा ढीग. मी अॅम्प्लिफायरपाशी, आणि देवाशप्पथ, वायरींना हात लावला नव्हता.

अध्यक्ष खुर्चीवरून उठले, माइकपाशी आले, खिशातून कागद काढला. आमच्या मंडळाची रीत अशी, की साधा नळ गळाला तरी तक्रार अध्यक्षांच्या नावानंच लिहायची. दुसरं कुणाचं नाव घालायचं कुणाला सुचतच नाही.

अध्यक्षांनी वाचलं. “प्रति, माननीय अध्यक्ष यांस. मी दिगंबर, अध्यक्षपदाचा राजीनामा आपल्याकडं सादर करीत आहे. कृपया मंजूर व्हावा.”

काकूंनी पदर तोंडाला लावला.

अध्यक्षांनी कागद उलटा केला. मागं पण लिहिलेलं होतं! चष्मा नीट केला आणि वाचलं, “प्रति, श्री. दिगंबर यांस. आपला अर्ज मिळाला. आपली बावीस वर्षांची सेवा आणि सभासदांचं प्रेम लक्षात घेता, आपला राजीनामा नामंजूर करण्यात येत आहे. आपला, अध्यक्ष.”

आणि आमचे लोक! टाळ्या वाजवल्या हो! सुनीलनं पण! अर्ध्यात हात आखडले, पण वाजल्या त्या वाजल्या.

अध्यक्षांनी कागदाची घडी खिशात घातली, सगळ्यांना नमस्कार केला आणि बसायला मागं वळले.

खुर्चीत गायकवाड मॅडम बसलेल्या.

अध्यक्ष म्हणले, “मॅडम, ही... ”

“तुम्ही पहिलं पान वाचलंत, तेव्हा खुर्ची रिकामी झाली,” मॅडम म्हणल्या. “रिकामी झाली की उपाध्यक्षानं बसायचं, हे घटनेत आहे. म्हणून बसले.”

“पण मी दुसऱ्या पानावर नामंजूर केला ना!”

“कुणी केला?”

अध्यक्षांनी मेहुण्याकडं बघितलं, मेहुणा छताचा पंखा बघत होता. काकूंकडं बघितलं, काकू पिशवीत काहीतरी शोधत होत्या. माझ्याकडं बघितलं. मी एक सुटी वायर गुंडाळायला घेतली.

मॅडमचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट.

अध्यक्षांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मंग खाली वाकले आणि माइकपासून तोंड लांब नेऊन मॅडमना म्हणले, “डावा पाय आखूड आहे तिचा. उजवीकडं टेकून बसा.”