तुर्दुकानबाईंचा लॅपटॉप

तुर्दुकानबाई किर्गीझ डोंगरांतल्या आत-बाशी गावच्या शाळेत तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवायच्या. मीही त्यांचीच विद्यार्थिनी, नाव बुरुलचा. आता मी गावच्या वाचनालयात काम करते, म्हणून त्यांच्या लेकीने कोरियाहून नवा लॅपटॉप पाठवला तेव्हा बाईंनी मलाच बोलावलं. लॅपटॉप कोरा होता, आत कुठलीच सिस्टीम नव्हती.

"बुरुलचा, लोकांनी मिळून लिहिलेल्या खुल्या सिस्टीम असतात ना, त्यातली घाल. पण किर्गीझमध्ये बोलणारी हवी."

"बाई, इथे सगळे रशियनच वापरतात, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं येतं."

"येतं. पण दिवसभर या घरात कुणी तोंड उघडत नाही. निदान याने तरी आपल्या भाषेत बोलावं."

त्यांचे यजमान इशेन जाऊन दोन वर्षं झाली होती. ते गुरांचे डॉक्टर. कुरणाकुरणांतून हिंडताना घोड्यांच्या रंगांची नावं टिपून ठेवायचे. नऊशेच्या वर शब्द होते, सगळे एका पेनड्राइव्हवर. बाईंना ते नीट लावायचे होते.

पहिली सिस्टीम दिसायला देखणी, पण तिला वायफाय सापडेना. दुसरीत लॅपटॉप एकदा झोपला की उठायचाच नाही. तिसरीत सगळं चालत होतं, फक्त आमची तीन खास अक्षरं उमटत नव्हती. दर शनिवारी मी जायचे. बाई आधीच लोणी, पाव आणि चहा मांडून बसलेल्या असायच्या. सिस्टीम चालली नाही तर त्यांना फारसं वाईट वाटत नसे, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

चौथी चालली. वायफाय, अक्षरं, सगळं. मेनूसुद्धा अर्धाअधिक किर्गीझमध्ये.

"झालं तर मग," मी म्हणाले.

"झालं," बाई म्हणाल्या. "आता तू कशाला येशील?"

मी हसले, आणि पुढचे तीन शनिवार खरोखरच गेले नाही.

चौथ्या शनिवारी त्यांचा फोन आला. आमच्या भाषेत दिवा विझवणं, यंत्र बंद करणं आणि लिहिलेलं पुसणं, तिन्हीला एकच शब्द आहे, ओचुरू. काम संपल्यावर लॅपटॉप बंद करायला बाईंनी मेनूत तो शब्द पाहिला आणि दाबला. यंत्राने पुन्हा विचारलं, त्यांनी होकार दिला. लॅपटॉप चालूच राहिला. पेनड्राइव्हवरचा इशेन यांचा संग्रह पुसला गेला.

मी बरीच खटपट केली. जेमतेम सव्वाशे शब्द परत आले.

"बाकीचे आठवतात का?" मी विचारलं.

बाईंनी चहाचा पेला पुसायला घेतला. "इशेन रोज जेवताना सांगायचा. आज अमक्या रंगाचा घोडा पाहिला, तमकं नाव कळलं. मी वह्या तपासत बसायचे. हूं हूं करायचे. ऐकलंच नाही गं मी."

त्या रडल्या नाहीत. पेला तेवढा उगीच पुसत राहिल्या.

त्या सिस्टीमचं भाषांतर कोण करतं हे त्यांनी शोधून काढलं. पुसण्यासाठी 'नाहीसं करणं' असा वेगळा शब्द घ्या, असं सकारण लिहून पाठवलं. सात महिन्यांनी उत्तर आलं: "बदल स्वीकारला." खाली नावही नव्हतं. बाईंनी त्या माणसाला पानभर पत्र लिहिलं. इशेनबद्दल, घोड्यांबद्दल, आणि तुम्ही कुठले, आमच्याकडे कधी येणं झालं तर जरूर या, असंही. त्याला उत्तर आलं नाही.

आता त्या रोज सकाळी मेनूतले उरलेले शब्द किर्गीझमध्ये आणतात. मी पुन्हा शनिवारी जाते. त्या मला नवे शब्द मोठ्याने वाचून दाखवतात आणि एकेक वाचून झाल्यावर थांबून माझ्याकडे बघतात. मी लक्ष देऊन ऐकते. कधी हूं करत नाही.