मान खाली घालून पाहिलेली दिल्ली

फरिदाबाद आलं तेव्हा नुकतं उजाडलं होतं. खिडकीतून कारखान्यांची धुराडी दिसू लागली आणि प्रत्येक धुराडं मधोमध वाकलेलं होतं, कमरेत उसण भरलेल्या माणसासारखं. मी शेजारी बसलेल्या शांताला, माझ्या बायकोला, हळूच विचारलं, "धुराडी सरळ हायेत का वं?"

"सरळच हायेत," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "नागपूर सोडल्यापासून कितींदा विचारता जी? मी खोटं सांगतलं तरी तुमाले कसं समजन?"

तेच तर भय होतं.

मी गवंडी. सातवीत शाळा सुटली आणि हातात थापी आली. डावा डोळा ऐन तरुणपणी चुन्याच्या शिंतोड्याने गेला, तेव्हापासून सगळा कारभार उजव्यावर. दिल्लीला गेलो त्या वर्षी आमच्या वाशीमकडे एका मास्तरांच्या घराची भिंत छातीपर्यंत आली असताना मी ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन, भिंत उभी सरळ आहे का ते त्याने कळतं) सोडला आणि पाहिलं तर भिंत पोटात गेलेली, मधोमध बाक आलेली. पाडली. पुन्हा बांधली. पुन्हा तसंच. दुसऱ्यांदा पाडायला घेतली तेव्हा विटा देणाऱ्या शांताने माझा हात धरला. "भिंत नाही गेली. दोरीच पाहा ना. लोंबती दोरी कधी वाकडी राह्यते का?" दोरीसुद्धा मला वाकडी दिसत होती! दोन डोळे असते तर एक झाकून दुसऱ्याने खरंखोटं केलं असतं. एकच असला की तो सांगेल ते खरं.

गावात सगळे म्हणाले, मोतीबिंदू आहे, पिकू दे. अकोल्याच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी मात्र आत दिवा मारून पाहिलं आणि म्हणाले, "मोतीबिंदू नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याला मधोमध भोक पडलंय. हे ऑपरेशन मोजक्या ठिकाणी होतं. दिल्लीला जा, आणि पिकायची वाट पाहू नका." म्हणून आम्ही निघालो. जन्मात नागपूरच्या पुढे न गेलेली दोघं.

नवी दिल्ली स्टेशनवर आम्हाला घ्यायला भीमरावदादा आले होते. आमच्याच गावचे, शिकून सरकारी कचेरीत लागलेले. "जय भीम, जय भीम," म्हणत त्यांनी पेटी उचलली. पहाडगंजच्या बाजूला बाहेर पडलो तर सायकलरिक्षा, हॉटेलांचे दलाल, पत्र्याच्या ट्रंका आणि या सगळ्यातून वाट काढणारी चकचकीत नवी गाडी. एका हातगाडीवर दादांनी मटर-कुलचे (शिजवलेले वाटाणे आणि मैद्याची मऊ रोटी) खाऊ घातले. शांताला तिखट लागलं नाही, तिने पिशवीतून आपली लाल चटणी काढली. हातगाडीवाला म्हणाला, "माताजी, मेरी मिर्ची में क्या कमी है?" शांता मराठीतच म्हणाली, "काही नाही बाप्पा, नुसती मिरचीच कमी हाय."

दादांचं घर लक्ष्मीबाई नगरात, सरकारी क्वार्टर, दुसरा मजला. वहिनी दिल्लीतच वाढलेल्या, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकलेल्या. त्यांची मराठी पुस्तकासारखी स्वच्छ, पण मधेच हिंदी डोकावायची. "भावजी, बिल्कुल टेन्शन घेऊ नका. हे आपलंच घर आहे, यार!" भावजींना यार म्हटल्यावर त्या स्वतःच जीभ चावून हसल्या. माझ्या मनावरचं ओझं तेवढ्यापुरतं हललं.

इस्पितळ मोठं. डोळ्यांत थेंब घालून बसवलेल्या माणसांची रांगच रांग, सगळे डोळे मिटून, जणू प्रार्थनेलाच बसलेले. आमच्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी मला यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली आणि डोळ्यात उजेडाची एक बारीक उभी रेघ टाकली.

"लाइन कैसी दिखती है? पूरी है या टूटी हुई?"

माझ्या तोंडात "पूरी" आलं होतं. एवढ्या दुरून आलो, बाईंनी एवढ्या गर्दीत बोलावलं, त्यांना बरं वाटेल असं काही बोलावं, आणि खरं सांगितलं तर त्या 'आता उपाय नाही' म्हणतील, असं दोन्ही एकदम वाटलं. "पू..." म्हणून मी अडखळलो. बाईंनी यंत्रामागून डोकं बाहेर काढलं.

"जो दिखे वही बोलिए. मुझे खुश करने के लिए मत बोलिए."

"टूटी है," मी म्हणालो. "बीच में से. ऊपर का टुकड़ा अलग, नीचे का अलग."

बाईंनी कागदावर डोळा काढून दाखवला. डोळ्याच्या आत पाठीमागे पडदा असतो (तिकडे 'पर्दा'च म्हणतात), त्याच्या ऐन मध्यावर, जिथे बारीक नजर असते, तिथे भोक. आतला चिकट रस काढून तिथे वायूचा बुडबुडा भरायचा. बुडबुडा वर चढतो, म्हणून मान खाली ठेवायची, म्हणजे तो बरोबर मागच्या पडद्याला जाऊन टेकतो आणि भोक मिळून येतं. दिवसरात्र मान खाली. जेवताना, चालताना, झोपताना.

हे मला एकदम समजलं. स्लॅब ओतायचा तर आधी खालून टेकू देतात. सिमेंट धरेपर्यंत टेकू हलवायचा नाही, मालकाने कितीही घाई केली तरी. "मॅडम, टेकू नहीं हिलेगा," मी म्हणालो. त्यांना टेकू कळला नाही, पण त्या हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, छेद बंद होईलच अशी खात्री देता येत नाही, दुसरा डोळा नाही हे त्यांच्या ध्यानात आहे. आणि शेवटी एक ताकीद: "जब तक गैस है, हवाई जहाज़ नहीं, पहाड़ नहीं. ऊँचाई पर गैस फूलती है."

ऑपरेशनचं फारसं सांगण्यासारखं नाही. डोळा बधिर केला होता, मी जागा होतो. चादरीखालून ऐकत होतो. बाई मधूनमधून म्हणायच्या, "अच्छे हैं आप?" आणि मी म्हणायचो, "जी." आत कुठेतरी काळ्या सावल्या सरकत होत्या. मी मनात ती मास्तरांची भिंत पायापासून एकेक वीट रचत बांधली. दरवाजाच्या चौकटीपर्यंत आलो तेव्हा बाई म्हणाल्या, झालं.

इस्पितळातून सुटून, मान छातीला लावून, शांताचा दंड धरून लक्ष्मीबाई नगरला आलो. जिन्याची पहिली पायरी दिसली मात्र, मी मटकन खाली बसलो.

"काय झालं?" दादा घाबरले.

"दादा, वर नाही येत मी. उंचावर जायचं नाही म्हणाल्या बाई. फुगा फुगला तर?"

"अरे, दुसरा मजला आहे, हिमालय नाही!"

"मी इथंच जिन्याखाली राहतो. शांता भाकरी खाली आणून देईल."

भोवती माणसं जमली. मला फक्त पाय दिसत होते, तेही पाण्याखालून पाहिल्यासारखे पुसट: हवाई चपला, ऑफिसचे बूट, एक अनवाणी बाई. पाय आपसात हिंदीत चर्चा करत होते. कोणी म्हणालं, वेडा आहे. कोणी म्हणालं, डॉक्टरनेच सांगितलंय ना, मग बरोबर आहे. शांता माझ्या शेजारी पायरीवर बसून राहिली. सगळं आयुष्य परांचीवर (बांधकामाच्या बांबूंच्या मचाणावर) काढलेला माणूस मी, आणि घराच्या जिन्याला भ्यालो होतो. पण टेकू एकच होता आणि डोळाही एकच.

शेवटी वहिनी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर धावल्या. बऱ्याच वेळाने त्यांच्या सॅंडल माझ्यासमोर येऊन थांबल्या. "भावजी, डॉक्टर बोलल्या, बिल्कुल चढा. पहाड म्हणजे शिमला, लक्ष्मीबाई नगर नाही. आणि त्या खूप हसल्या, हां!" मी चढलो. पण शांताने मागून पाठीला हात लावून ठेवला होता, आणि तिचाही हात थंडगार होता.

पालथं झोपायचं कसं, हा पुढचा प्रश्न. उशीत तोंड खुपसलं की जीव गुदमरे. वहिनींकडे नवारीची (जाड पट्ट्यांनी विणलेली) खाट होती. मी सांगत गेलो आणि शांताने डोक्याकडच्या पट्ट्या सैल करून तोंड मावेल एवढी फट केली. कडेला जुन्या साडीची चुंबळ केली. मी पालथा पडलो, तोंड फटीतून खाली. जमिनीवर ताट, पेल्यात शीतपेयाची नळी. वहिनी जमिनीवर आडव्या होऊन खालून माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "दिसतो का तुम्हाला माझा चेहरा?" दिसला कसला? हिंदकळत्या पाण्याखालचा नुसता आकार, नाक-डोळे काही नाही.

अशी मी दिल्ली पाहिली. डोळ्यातलं पाणी दिवसागणिक थोडं निवळत गेलं तशी तिची जमीन पाहिली. दादांच्या खोलीतल्या फरशीला एक तडा होता, त्याला मी पैनगंगा नाव ठेवलं. न्हाणीघराचा ढाळ उलटा होता, पाणी मोरीकडे न जाता दाराशी साचायचं, आणि वहिनी रोज ते खराट्याने लोटायच्या. पायांवरून माणसं ओळखू लागलो. दादांचे पाय घाईचे. शांताचे टाचेला भेगा पडलेले. ते खाटेजवळ येऊन थांबायचे, काही न विचारता परत जायचे. तेवढ्यावरून मला कळायचं की तीसुद्धा झोपलेली नाही.

तपासणीला इस्पितळात गेलो की बाकावर माझ्यासारखेच मान खाली घातलेले दोघेतिघे असत. एकदा शेजारी पांढरेशुभ्र नवे खेळाचे बूट येऊन बसले, वर मात्र धोतर. बुटांनी विचारलं, "के होग्या भाई?"

"पर्दे में छेद."

"मेरे भी छेद सै. कित का सै?" (कुठला आहेस?)

मी सांगितलं. ते गुडगावकडचे चौधरी होते. शेतजमीन बिल्डरने घेतली होती. "मेरे खेत पै बीस मंजिल की बिल्डिंग खड़ी होण लाग री सै," ते म्हणाले. "सारी उमर नीचे देख कै हल चलाया. इब ऊपर देखण का टैम आया, तो डाक्टर बोल्या, नीचे देख!"

दोघंही हसलो, खालीच बघत. मग ते एकदम हळू आवाजात म्हणाले, "तेरा ठीक होग्या के?"

"पता नहीं, चौधरीसाहेब."

"मन्ने भी ना बेरा." (मलाही ठाऊक नाही.) आणि त्यांनी अंदाजाने माझा गुडघा थोपटला.

मान वर करायची परवानगी मिळाली तेव्हा बुडबुडा अर्धा उरला होता. आता डोळ्यात खाली बुडबुडा आणि वर उजेड, मधे आडवी रेघ (बुडबुडा असतो वरच, पण पडद्यावर सगळं उलटं पडतं म्हणून तो खाली दिसतो, असं बाईंनी सांगितलं). मान कलती केली तरी रेघ आडवीच. माझ्या डोळ्यात कोणी पाणसळ (आडवी पातळी पाहायचं साधन) बसवली होती! रोज रेघ खाली उतरत गेली आणि वरचं जग वाढत गेलं: आधी पंखा, मग दाराची वरची चौकट, मग वहिनींचं कुंकू. धूळ-सिमेंट मला मना होतं, म्हणून मी खुर्चीत बसून सांगत गेलो आणि शांताने न्हाणीघराचा ढाळ नवा करून दिला. दादांनी पहिली बादली ओतली. पाणी मुकाट्याने मोरीत गेलं. वहिनी म्हणाल्या, "इतक्या वर्षांत सरकारला जमलं नाही ते!" मला त्यांच्यासाठी एवढंच करता आलं, तेही दुसऱ्याच्या हाताने.

बुडबुडा मटाराएवढा झाला आणि एका सकाळी तोही सापडेना. त्यानंतर शेवटची तपासणी. हनुवटी यंत्रावर. शांता दाराशी उभी. आतला टेकू गेला होता. आता स्लॅब टिकतो की कोसळतो, एवढंच पाहायचं होतं. बाईंनी तीच उभी रेघ टाकली.

"कैसी है?"

मी हनुवटी यंत्रावर घट्ट दाबली. मी वरून खाली रेघेवरून उतरलो, ओळंब्याच्या दोरीवरून उतरतो तसा. तुटली नव्हती.

"पूरी है," मी म्हणालो. मग भ्यालो, की हे मीच बोलतोय की माझं उपकाराने दबलेलं मन. पुन्हा नीट पाहिलं. "मॅडम, पूरी है, पर बीच में ज़रा पतली है. और थोड़ी... एक चावल जितनी टेढ़ी."

बाई यंत्रामागून बाहेर आल्या. हसत होत्या. "अब मुझे भरोसा है. छेद बंद हो गया है. थोड़ा टेढ़ापन रहेगा, धीरे-धीरे कम होगा, शायद पूरा न जाए." मी त्यांच्या पायाशी वाकलो तर त्या झटकन मागे सरल्या. "नीचे देखना अब बंद!"

परतीच्या गाडीत फरिदाबादची धुराडी पुन्हा आली. या वेळी मी शांताला काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "विचारा ना आता, सवय झाली हाय मले."

गावी लोक विचारतात, दिल्ली कशी आहे? लाल किल्ला पाहिला का? मी म्हणतो, दिल्लीचे लोक चांगले आहेत, मी त्यांचे पाय पाहिले आहेत. लोक हसतात. मी खरंच सांगत असतो.

डॉक्टरांनी कामाला हो म्हटल्यावर मास्तरांच्या भिंतीशी गेलो. ती छातीपर्यंत तशीच थांबलेली, माथ्यावर गवत उगवलेलं. ओळंबा सोडला. दोरी स्थिर झाली. तिच्यात तांदळाएवढा बाक होता. मग मी नजर दोरीवरून हळूहळू खाली नेली, आणि बाक नजरेसोबत खाली आला. वर नेली, वर गेला. जो माझ्यासोबत हलतो तो माझा. भिंतीचा असता तर जागेवर राहिला असता.

पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. जागेवर राहणारा बाक कुठेच नव्हता.

"शांता," मी म्हणालो, "वीट दे."