मधल्या बाईंनी पाहिलेली चाल

मधल्या बाई कुणालाही थांबवून परत चालायला लावत. स्टुडिओत कुरिअरवाला पाकीट देऊन वळला की बाईंचा आवाज यायचा, "ओ दादा, परत एकदा दारापर्यंत जा बघू." तो बिचारा गोंधळून चालायचा आणि बाई टेबलावरून वाकून त्याचे पाय न्याहाळायच्या. मग मला हळूच म्हणायच्या, "टाच टेकवतच नाय बघ गो. नवे बूट चावतायत त्याला."

अंधेरीच्या त्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत मी लागले तेव्हा हातानं चित्रं काढायचं काम संपत आलं होतं. दिग्दर्शक मुख्य चित्रं काढायचा: हात खाली, मग हात वर. त्या दोन्हींच्या मधली सगळी चित्रं बाई काढायच्या, म्हणून त्या मधल्या बाई. मूळच्या मालवणच्या, वडील गिरणीत होते. घाटकोपरला एकट्याच राहायच्या. रविवारी आरेच्या तबेल्यापाशी वही घेऊन बसायच्या, कारण म्हैस कुठल्या पायानंतर कुठला पाय उचलते हे त्यांना नक्की करायचं होतं.

सिनेमा यायच्या आधी लोक हलतं चित्र कशात बघत असतील, हा प्रश्न एकदा त्यांच्या डोक्यात शिरला. कुठल्याशा जुन्या पुस्तकात त्यांना एक फिरता डबा सापडला. लगेच बिस्किटांचा मोठा गोल डबा घेऊन त्या मला साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये घेऊन गेल्या. डब्याच्या वरच्या कडेला बारा उभ्या फटी आणि तळाला बेअरिंग हवं होतं. "ताई, ह्यात बिस्किटं राहायची नाहीत," कारागीर म्हणाला. बाईंनी आतून बारा चित्रांची कागदी पट्टी लावली, डबा गर्रकन फिरवला आणि त्याला फटीतून बघायला सांगितलं. आत म्हैस चालत होती. त्यानं मशीन बंद करून बाकीच्यांना हाका मारल्या.

"पण फटी कशाला?" त्यानं विचारलं. बाईंचा चेहरा असा खुलला, जणू इतकी वर्षं हे कुणी विचारेल म्हणून त्या थांबल्या होत्या. "आता वरून बघा. नुसता चिखल दिसतोय ना? फट सरकली की मध्ये क्षणभर अंधार होतो. तो नसला तर चित्र चालणारच नाय." आम्ही तिथून निघेपर्यंत तासभर गेला.

गुळगुळीत रंगवलेलं अ‍ॅनिमेशन त्यांना फारसं आवडायचं नाही. त्यांचा जीव कच्च्या पेन्सिलवर. प्रत्येक चित्रात रेघ जराशी सरकते आणि पडद्यावर सगळंच थरथरत राहतं, ते त्यांना आवडायचं. मी म्हटलं, "बाई, चूक दिसते त्यात." तर म्हणाल्या, "दिसू दे की. कुणीतरी बसून काढलंय हे तरी कळतं."

एका गणपतीत त्या आमच्या मुलुंडच्या घरी आल्या. बाबा आतून प्रसादाची ताटली घेऊन आले. बाईंनी वाकून त्यांच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "काका, परत एकदा आत जाऊन येता?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा मात्र हसत जाऊन आले. लिफ्टपाशी बाई म्हणाल्या, "तुझ्या बाबांचा उजवा पाय उशिरा येतोय गो. हातपण हलत नाय. डॉक्टरला दाखव."

"सदुसष्ट वर्षांचे आहेत ते, बाई. आणि ते काही तुमचं चित्र नाहीत," मी तोडून बोलले.

तीन दिवस आम्ही बोललो नाही. चौथ्या दिवशी त्यांनी तो डबा माझ्या टेबलावर ठेवला. सोबत दोन पट्ट्या. मे महिन्यात बाबा माझा विसरलेला जेवणाचा डबा द्यायला स्टुडिओत आले होते, तेव्हाची एक. दुसरी गणपतीतली. त्या कधी काढतात, किती लक्षात ठेवतात, काही पत्ता लागायचा नाही. मी पहिली फिरवली. बाबा ऐटीत चालत होते. दुसरी फिरवली आणि माझा हात तिथंच थांबला. ते पाय ओढत होते. मी त्यांना रोज बघत होते आणि मला दिसलं नव्हतं.

त्याच दिवशी डॉक्टरकडे गेलो. महिन्याभरापूर्वी बाबा बाथरूममध्ये घसरले होते आणि कुणाला बोलले नव्हते. डोक्यात रक्त साचून मेंदूवर दाब आला होता. "आणखी थांबला असतात तर अवघड होतं," डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं. महिनाभरात बाबा भाजी आणायला जायला लागले. मी बाईंची माफी मागायला गेले, तर त्यांना माफीत रस नव्हता. "आता कुठला पाय आधी टाकतात?" त्यांनी विचारलं.

पुढे स्टुडिओत सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं आणि बाई घरी बसल्या. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. घाटकोपरला आम्ही मोजकीच माणसं जमलो. स्मशान फार लांब नव्हतं, पण बाबा आता ऐंशीच्या पुढचे, म्हणून मी त्यांच्यासाठी रिक्षा थांबवली होती. त्यांनी रिक्षावाल्याला हात जोडले.

"तुम्ही जा," ते म्हणाले. "बाईंना पोचवायला मी चालतच जाणार."

आणि ते चालत गेले, सावकाश, शेवटपर्यंत.