घासलेली चांदी

मर्ल व्रूमनचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. आमच्या गावात आठच्या आत कुणी गवत कापायचं मशीन लावलं तर शेजारी पोलिसांना फोन करतात. मर्लच्या बाबतीत कुणी केला नाही. त्याचा छोटा ट्रॅक्टर बॅटरीवर चालायचा. पात्यांची सळसळ तेवढी ऐकू यायची. मोहॉक नदीच्या वरच्या उतारावरची चर्चची दफनभूमी तो एकटा कापायचा आणि बायको, एडेल, जागी व्हायच्या आत घरी परतायचा. ती अंथरुणाला खिळलेली होती. तिला ओटची पेज भरवायची असायची.

नोव्हेंबरात एडेल गेली. तिला त्याच उतारावर पुरलं. कबरीवर तात्पुरती पत्र्याची पाटी लावली.

"पुढच्या हंगामाच्या मजुरीतून दगड बसवतो," मर्ल म्हणाला. मग हिवाळाभर फारसं काही बोलला नाही. काय चाललंय विचारलं की म्हणायचा, "ट्रॅक्टर बघतोय."

मे महिन्यात ट्रॅक्टर थांबेना. मर्लने पेडलवरचा पाय काढला, तरी मोटर ओढतच राहिली. ब्रेकवर उभा राहिला, तरी उतारावरून खाली. एक जुना दगड आडवा झाला. शेवटी त्याने बॅटरीचा मोठा प्लग उपटला.

चर्चच्या कारभारी गर्ट लूक्स बघायला आल्या. मीही होतो.

"मर्ल, लढाईत गेलेल्या माणसाचा दगड पाडलास."

"उभा करतो."

"उद्या जिवंत माणूस पाडशील. महिनाअखेरीस मेमोरियल डेला लढाईत गेलेल्यांना फुलं वाहायला इथे पोरंबाळं येतात. तोवर हे यंत्र भरवशाचं झालं नाही तर काम पेट्रोलच्या मशीनवाल्यांना देणार."

"ते आठनंतर येतील. आवाज करतील."

"मग? इथल्या कुणाची झोप मोडणार आहे?"

मी हसलो. मर्ल हसला नाही. पत्र्याच्या पाटीकडे बघत राहिला. गर्टबाईंच्या लक्षात आलं. पण मुदत तीच ठेवली.

मर्लने आयुष्य गॅरेजमध्ये काढलं. मी कारखान्यात याच ट्रॅक्टरचे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेचे मोठे स्विच, जोडत होतो. पेडल दाबलं की आतला चुंबक पट्टी ओढतो, दोन टिकल्या एकमेकींना भिडतात, मोटरला वीज मिळते. पेडल सोडलं की स्प्रिंग त्यांना दूर करते. सगळा भरवसा त्या टिकल्यांवर.

मी झाकण उघडलं. टिकल्या आरशासारख्या चमकत होत्या. लालसर.

"कानशीने घासल्यास?"

"काळ्या पडल्या होत्या."

"कितीदा?"

"रोज. जेवण झालं की."

"गाढवा, ते काळंच चालतं! वर चांदी होती. आता नुसतं तांबं उरलंय. तापलं की चिकटतं, मग स्प्रिंगच्या बापालाही सुटत नाही. पेट्रोलच्या इंजिनात घासतात तशा या घासायच्या नसतात. चमकवायला हे काय चमचे आहेत?"

"चमचे आधी घासले," मर्ल म्हणाला. "एडेलचे. ते झाले, मग हे."

मी झाकण लावलं.

कारखान्याने हे ट्रॅक्टर बनवणं कधीच सोडलं. ओहायोत एक माणूस मेलेले ट्रॅक्टर खोलून सुटे भाग विकतो. त्याच्याकडे न वापरलेले कॉन्टॅक्टर निघाले. किंमत सांगितली ती ऐकून मी शिवी दिली. मर्लने "पाठव" म्हटलं. बसवायला मला अख्खा दिवस लागला. एकेक तार साफ केली, एकेक नट दोनदा आवळला. घाईने केलं असतं तर अर्ध्या दिवसात झालं असतं आणि पुन्हा करावं लागलं असतं.

टिकल्या घासल्याचं मी गर्टबाईंना सांगितलं होतं. त्या उताराच्या खालच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या, ट्रॅक्टरच्या वाटेतच. मर्लने पेडल सोडलं. टक्. ट्रॅक्टर थांबला.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

टक्.

"पुन्हा."

त्यांचे पाय दुखेपर्यंत हे चाललं.

"बरं. काम तुझंच. पण ती कानस इकडे दे."

मर्लने खिशातून काढून दिली. ती रोज त्याच्या खिशातच असायची.

आता तो पुन्हा पहाटे कापतो. घरी परतायची घाई नसते, तरी वेळेत परततो. एडेलपाशी आला की वेग कमी करून पत्र्याच्या पाटीला वळसा घालतो. दगड अजून नाही. त्या हंगामाची सगळी मजुरी ओहायोला गेली, टिकल्यांवरच्या चांदीसाठी.