ठिपका वरच राहिला पाहिजे

सोलापूर आगारातली कंडक्टर धम्मप्रिया निवांत बसलेली कुणी पाहिली नव्हती. गाडी रिकामी असली तरी ती दांडा धरून उभी. घरी आली की घासलेली भांडी पुन्हा घासायला काढायची. "बूड टेकव की जरा," आई केसरबाई वैतागायची, "खाली इंगळ्या चावत्यात का?" ती साप पकडायला शिकली तेही बहुधा याच स्वभावापायी. कुणाचा फोन आला की उठून निघायला मिळायचं.

त्या दिवशी गाडी कर्नाटक सीमेजवळच्या दुधनीला लागते न लागते तोच नीलम्मा धावत आली. मागे एकदा तिच्या घरातला साप धम्मप्रियानंच धरला होता. आता परड्यातलं शेणखत ट्रॅक्टरमध्ये भरताना अंडी निघाली होती. धम्मप्रिया परड्यात जाऊन बघते तर लांबट, पांढरी, एकमेकांना चिकटलेली. साप मात्र कुंपणापलीकडे निसटला होता.

"नागाचीच हायत. घासलेट वतून जाळते बघ."

"नागाची का धामणीची, आत्ताच काय सांगणार? थांबा की अव्वा."

"बेडा, बेडा! माझ्या परड्यात नको म्हणजे नको."

ट्रॅक्टरवाला खोळंबला होता. वनरक्षकाला फोन लावला तर त्याची गाडी दुसऱ्या टोकाला गेलेली. त्यानं अंडी इंद्रायणीबाईंकडे पोचवायला सांगितलं. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या बाई सोलापुरात वनखात्यासाठी अशी सापडलेली अंडी उबवून द्यायच्या. धम्मप्रियानं त्यांना फोनवर विचारलं, "उचलू का?"

"आधी प्रत्येकाच्या माथ्यावर खूण कर. गर्भ आतून वरच्या बाजूला चिकटलेला असतो. अंडं उलटलं की तो बलकाखाली दबून गुदमरतो. कोंबडी फिरवते तसं इथं चालत नाही. ठिपका वरच राहिला पाहिजे."

धम्मप्रियानं पेनानं ठिपके दिले. खोक्यात तेच ओलसर खत पसरलं, अंड्यांचा गठ्ठा अलगद ठेवला आणि खोकं मांडीवर घेऊन आयुष्यात पहिल्यांदा कंडक्टरच्या सीटवर घट्ट बसली.

"तिकीट इथं येऊन घ्या. मी उठणार नाही."

"खोक्यात काय हाय?" एकानं विचारलं.

"अंडी."

"मग एवढं काय?"

ड्रायव्हर जालिंदरला सगळं ठाऊक होतं. तो प्रत्येक खड्ड्यातून गाडी बैलगाडीच्या चालीनं काढत होता. लोक कुरकुरले. एका गतिरोधकावर मात्र गाडी आदळलीच. धम्मप्रियानं खोक्यात डोकावून पाहिलं. ठिपके वरच होते, पण आतलं कुणी बघितलंय? तिच्या पायाला मुंग्या आल्या, तरी तिनं पाय हलवला नाही.

बाईंनी अंडी नारळाच्या ओल्या भुशात ठेवली आणि तेव्हापासून धम्मप्रियाला चैन पडेना. ड्यूटी सुटली की ती नवी पेठेच्या गर्दीतून वाट काढत तिकडे पळायची. एकदा बाईंनी खिडकी लावून अंड्याखाली टॉर्च धरला. लालसर उजेडात बारीक शिरांचं जाळं पसरलं होतं. मध्ये एक काळा डोळा, आणि शेजारी काहीतरी धडधडत होतं.

"हा साप? नुसतं डोकंच दिसतंय."

"आधी डोकं आणि डोळे. धड वेटोळं घेत वाढतं. खवले, रंग, सगळ्यात शेवटी."

अंडी पाणी शोषून फुगत गेली. मग एके दिवशी ती दबलेली दिसली, जणू कुणी बोट रोवलं होतं. धम्मप्रिया ओरडलीच. "मेली का?"

"निघायची वेळ आली. हात लावू नकोस."

पहिल्या अंड्याला चीर पडली. पिलाच्या नाकाशी कवच कापायला इवलासा दात असतो, तो नंतर गळून पडतो. चिरेतून डोकं आलं, जीभ हलली, आणि पिलू परत आत गेलं. सबंध दिवस तेच. रजा काढून आलेली धम्मप्रिया दार ते खोकं, खोकं ते दार करत होती.

"अडकलंय ते. ओढून काढू?"

"पोटाला अजून बलक जोडलेला आहे. तो आत ओढून घेतल्याशिवाय ते येणार नाही. ओढलंस तर रक्त जाऊन मरेल."

तिनं दोन्ही हात काखेत दाबून धरले.

दुसऱ्या दिवशी पिलं बाहेर आली. मोठे डोळे, अंगावर फिकट आडवे पट्टे. एकानंही फणा काढला नाही. धामण! तिनं तिथूनच नीलम्माला कळवलं.

"धामण व्हय?" पलीकडून नीलम्मा म्हणाली, "उंदरं खाती म्हणा. पण माझ्याकडं आणू नको."

एक अंडं मात्र उघडलंच नाही. बरीच वाट पाहून बाईंनी ते कापलं. आत पूर्ण वाढलेलं पिलू, खवल्यांसकट, घडी घालून ठेवल्यासारखं. मेलेलं.

"माझ्या गाडीचा हिसका बसला त्याला."

"तसं असतं तर तेव्हाच गेलं असतं. हे शेवटपर्यंत वाढलंय. का गेलं, मलाही सांगता येणार नाही."

धम्मप्रियाला ते पटलं, तरी कापलेल्या कवचावरचा ठिपका ती बघत राहिली.

वनरक्षकाबरोबर ती माळावर गेली. पिशवीचं तोंड सोडताच पिलं गवतात पसार झाली. एकही मागे वळलं नाही. ती मात्र गवत निरखत येरझारा घालत राहिली, वनरक्षकानं जीपचा हॉर्न वाजवेपर्यंत.